कपातला केळीचा केक: मध्ये कच्चा आणि कडेला रबर का होतो, कुठून तपासायला लागायचं

रावेर, यावल, चोपड्याकडच्या घरांत केळीचा घड बहुधा टांगलेलाच असतो, आणि साल काळी पडू लागलेली केळी संपवायला मायक्रोवेव्हमधल्या कपातल्या केकइतका झटपट गोड पदार्थ दुसरा नाही. मैदा, साखर, केळं, दूध, तेल एकाच कपात कालवायचं आणि दीड मिनिटात खायला घ्यायचं. पण हा केक बिघडतोही तितक्याच झटपट, आणि दर वेळी त्याच दोन-तीन तऱ्हांनी. मग मैदा बदलला जातो, अंडं घालून बघितलं जातं, नवी कृती शोधली जाते. दोष बहुतेक वेळा कृतीत नसतोच. कृतीत लिहिलेले सेकंद लिहिणाऱ्याच्या यंत्राचे, त्याच्या कपाचे आणि त्याच्या स्वयंपाकघरातल्या हवेचे असतात. मे महिन्यातल्या भुसावळला आणि जानेवारीतल्या धुळ्याला तेच सेकंद चालत नाहीत.

आधी लक्षण ओळखा

कडेने शिजलेला, पण मधोमध चमचा घातला की पातळ मिश्रण वर येतं: कप खोल किंवा अरुंद आहे, दूध गार होतं, नाहीतर यंत्राची ताकद कमी पडते आहे.

चिवट, दाबला की परत उसळणारा, खाताना दातांत अडकणारा: जास्त वेळ दिला, जास्त फेटला, किंवा एका कपात अख्खं अंडं घातलं.

उतू गेला आणि मग खड्डा पडून बसला: कप लहान आहे, किंवा सोडा-बेकिंग पावडर जास्त झाली.

जाळीच पडली नाही, गच्च गोळा झाला: बेकिंग पावडर मेलेली आहे, मिश्रण कालवून बराच वेळ तसंच राहिलं, किंवा केळं फार झालं.

तळाशी ओलसर चिकट पट्टा: केळं नीट कुस्करलं नाही, किंवा तळाचं पीठ तसंच राहिलं.

साबणासारखी, तुरट-कडवट चव: सोडा जास्त.

सकाळी उत्तम होतो, संध्याकाळी त्याच मापाने कच्चा राहतो: विजेचा दाब.

आणि शेवटचं: दिवा लागतो, तबकडी फिरते, पंख्याचा आवाज येतो, पण कप गारच. हे लक्षण असेल तर मधल्या तपासण्या सोडा. एकदा यंत्राचा मोड (दुसरी तपासणी) तेवढा बघा आणि शेवटच्या भागाकडे जा.

तुलनेसाठी एक ठरलेलं माप

दर वेळी वेगळं माप घेतलं तर चूक सापडत नाही. तपासणी होईपर्यंत हेच घ्या: मैदा ४ मोठे चमचे (सपाट, सुमारे ३० ग्रॅम), पिठीसाखर २ मोठे चमचे, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वास नसलेलं तेल १ मोठा चमचा, दूध २ मोठे चमचे, कुस्करलेलं केळं २ मोठे चमचे. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली. घरातला पोह्यांचा चमचा यात बसत नाही, त्यात बरंच कमी मावतं. मापाचे चमचे नसतील तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणा असलेलं टोपण धुऊन घ्या. त्यावर मिलीच्या रेघा असतात.

सात फुकटच्या तपासण्या

पहिली, वेळ. सलग दीड मिनिट देऊ नका. ७०० वॅटच्या यंत्रात पूर्ण ताकदीवर ४० सेकंद द्या, दार उघडून १५ सेकंद थांबा, मग १५-१५ सेकंदांचे दोन हप्ते. या थांबण्याला अर्थ आहे. मायक्रोवेव्ह पदार्थाला आतून शिजवतो असं सर्रास म्हटलं जातं, ते खरं नाही. लहरी अशा मिश्रणात बाहेरच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच जोरात काम करतात. पुढे गाभ्यापर्यंतची उष्णता कडेकडून सरकत जाते आणि त्याला वेळ लागतो. सलग चालवलं की मधला भाग शिजेपर्यंत कडेचं पाणी उडून जातं. कडेला रबर आणि मध्ये खीर एकाच कपात दिसते ती यामुळेच.

वरचा भाग किंचित ओला दिसत असतानाच बंद करा आणि एक मिनिट झाकून ठेवा. उरलेलं काम वाफ करते. मग मधोमध काडी घालून बघा. पातळ मिश्रण लागलं तर आणखी १० सेकंद. मधला कच्चा भाग लाव्हा केक (मुद्दाम मध्ये पातळ ठेवलेला केक) समजून खाऊ नका. कच्च्या मैद्यात आणि अंड्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

यंत्राला गोल फिरवायचा टायमर असेल तर एक मिनिटाच्या खुणेवर त्याचा भरवसा नाही. बटण आधी दोन मिनिटांच्या पुढे न्या, मग मागे आणा, आणि सेकंद मोबाइलवर मोजा.

दुसरी, मोड. कन्व्हेक्शन यंत्रात 'केक' हा शब्द दिसला की तेच बटण दाबलं जातं. तो कार्यक्रम डब्यातल्या अर्ध्या तासाच्या केकसाठी असतो. ग्रिल आणि कॉम्बी हेही नकोत. फक्त 'मायक्रो', १०० टक्के. पॉवर ५० किंवा ७० टक्क्यांवर अडकलेली असेल तर साधं यंत्र काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असं काम करतं. एवढ्या थोड्या वेळात तुमच्या वाट्याला किती चालू आणि किती बंद येतील, ते दर वेळी बदलतं.

तिसरी, कप. बिघाड इथे असण्याची शक्यता बरीच, आणि बदलायला पैसा लागत नाही. साधारण ३०० मिलीचा, सरळ भिंतीचा, रुंद तळाचा चिनी मातीचा मग घ्या आणि निम्म्याच्या खालीच भरा, कारण केक फुगून जवळजवळ दुप्पट होतो. खाली निमुळता होत जाणारा कप टाळा. चहाचा साधा काचेचा ग्लास तडकतो. सोनेरी किंवा चंदेरी कड असलेल्या कपातून ठिणग्या उडतात. मेलामाइनचं भांडं स्वतःच तापतं. भाजलेल्या मातीचा कुल्हड पाणी शोषतो, तापतो आणि कधी मधोमध दुभंगतो. कपाबद्दल शंका असेल तर तो रिकामा कप आणि शेजारी पाण्याने भरलेला दुसरा कप असे दोन्ही एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि रिकामा कप गार राहिला तर कप चांगला. रिकामा कपच चटका देऊ लागला तर तो मायक्रोवेव्हसाठी नाही. पाण्याचा कप ठेवल्याशिवाय ही परीक्षा करू नका. रिकामं यंत्र चालवलं की लहरी परत फिरून मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागावरच, जातात.

मधला भाग दर वेळी कच्चा राहत असेल तर कप बाजूला ठेवा आणि मायक्रोवेव्हला चालणारी काचेची पसरट वाटी घ्या. मिश्रणाची उंची दोन-अडीच सेंटिमीटर राहिली की मधला भाग कच्चा राहण्याचं मूळच जातं. दिसायला कप छान दिसतो, शिजायला वाटी बरी.

चौथी, जागा. कप तबकडीच्या बरोबर मधोमध ठेवला तर तो जागेवरच गरगरतो. आतल्या लहरी सगळीकडे सारख्या नसतात, कुठे जोर जास्त तर कुठे अगदी कमी. तबकडीच्या कडेला ठेवला की कप त्या सगळ्या जागांतून फिरतो. तबकडी अडखळत असेल तर ती काढा, खालची चाकांची रिंग आणि तीन पाकळ्यांचा प्लास्टिकचा कपलर धुऊन पुसून पुन्हा बसवा. साखरेचा वाळलेला थेंबसुद्धा रिंग अडवतो.

पाचवी, हवामान. खान्देशात ही तपासणी विसरून चालत नाही. मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर असतो. ओट्यावरचं दूध, तेल, मैदा सगळंच कोमट असतं. जानेवारीत फ्रिजमधलं दूध पाच अंशांच्या आसपास, आणि सकाळी स्वयंपाकघरही गारठलेलं. मिश्रणाच्या सुरुवातीच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तर ७०० वॅटच्या यंत्रात तो साधारण १५ ते २० सेकंदांचा फरक होतो. सत्तर सेकंदांच्या पदार्थात वीस सेकंद म्हणजे कच्चा आणि रबर यांच्यातलं सगळं अंतर. हिवाळ्यात दूध आधी कोमट करून घ्या, उन्हाळ्यात शेवटचा हप्ता पंधराऐवजी पाच-सात सेकंदांचा द्या.

सहावी, केळं. घरची केळी आहेत म्हणून अख्खं केळं कपात जातं आणि तिथेच गणित फिसकटतं. केळ्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, आणि त्याच्या गराला जाळी पडत नाही. वरच्या मापाला पाव केळं पुरतं. साल ठिपक्यांची हवी. चेंबरमध्ये पिकवलेलं केळं बाहेरून एकसारखं पिवळं आणि आत टणक असू शकतं. त्यातला स्टार्च अजून साखरेत उतरलेला नसतो, त्यामुळे केक फिका आणि गच्च होतो. फ्रिजमध्ये साल काळी पडलेलं केळं मात्र बेलाशक वापरा. आधी ताटलीत काट्याने अगदी पातळ होईपर्यंत कुस्करा, कपातच कुस्करायला गेलात की गुठळ्या तळाशी बसतात. केळं अर्धं घालायचंच असेल तर दूध एका चमच्यावर आणा.

सातवी, कालवणं. कोरडे जिन्नस आधी एकत्र करा, मग ओलं घालून पंधरा-वीस वेळा फिरवा आणि थांबा. बारीक गुठळ्या दिसल्या तरी चालतील. जास्त घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि ते मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतं. चमचा तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचवा. मिश्रण झालं की लगेच आत ठेवा. कालवल्यावर लाइट गेली आणि वीस मिनिटांनी आली तर गॅस बराचसा निघून गेलेला असतो. तेव्हा नवीन चिमूटभर बेकिंग पावडर घालून तीन-चार वेळाच फिरवा.

आता जिन्नस तपासा

बेकिंग पावडरचा डबा पावसाळ्यात एकदा उघडा राहिला तरी दमटपणाने ती मरते. अर्धा छोटा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाका. लगेच जोरात फसफसली पाहिजे. दोन-चार बुडबुडे येऊन गप्प बसली तर नवी आणा. खाण्याच्या सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसावर करा, गरम पाण्यावर नाही. पावडर संपली म्हणून तेवढाच सोडा घालणं ही साबणी चवीची हमी आहे. सोडा बेकिंग पावडरच्या कित्येक पट जोरदार असतो आणि त्याला आंबट जोडीदार लागतो. सोडाच वापरायचा तर चिमूटभर, आणि दुधाऐवजी ताक किंवा पातळ केलेलं दही.

तेलाचं म्हणाल तर घाण्याचं शेंगदाणा तेल भरताला, शेवभाजीला उत्तम, पण या केकमध्ये त्याचा वास केळ्याला दाबून टाकतो. रिफाइंड सरकी किंवा सोयाबीन चालेल. तूप घातलं तर गरम असतानाच खा, गार झाल्यावर केक दगडासारखा लागतो.

पीठ बदलताना जपून. कणीक जास्त दूध पिते, दोनऐवजी तीन चमचे घाला. दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) पिठात ग्लुटेन नसतं, नुसत्या दादरचा केक भुसभुशीत होऊन विस्कटतो. अर्धा मैदा ठेवला तर जमतो आणि चवही चांगली येते. कळण्याचं (ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं) पीठ मात्र नकोच. त्यातल्या उडदाने मिश्रण बुळबुळीत होतं, आणि दळतानाच मीठ पडलेलं असेल तर केक खारटही होतो. गूळ किसून दुधात पूर्ण विरघळवून घ्या. खडा राहिला तर तिथेच जास्त तापून करपतो.

अंडं घालणाऱ्यांसाठी एकच सूचना: एक अंडं दोन कपांत वाटा. अख्खं अंडं एका कपात गेलं की केकच्या नावाने गोड ऑम्लेट तयार होतं.

यंत्राची खरी ताकद

इथपर्यंत सगळं बरोबर असूनही कच्चाच राहत असेल तर यंत्राकडे वळा. मागे किंवा दाराच्या आतल्या बाजूला लेबल असतं. त्यावर दोन आकडे दिसतील. मोठा आकडा, ११०० ते १२०० च्या आसपासचा, यंत्र किती वीज ओढतं ते सांगतो. पदार्थाला मिळते ती 'आउटपुट', घरगुती सोलो (फक्त मायक्रो असलेल्या) यंत्रात बहुधा ७०० किंवा ८०० वॅट. परदेशी कृती बऱ्याचदा १००० वॅट धरून लिहिलेल्या असतात. हिशोब सोपा आहे: कृतीतले सेकंद गुणिले कृतीतले वॅट, भागिले तुमचे वॅट. १००० वॅटचे ६० सेकंद म्हणजे ७०० वॅटचे जवळपास ८६.

लेबलावरचे वॅट प्रत्यक्षात मिळतात का, तेही घरी मोजता येतं. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात एक लिटर साधं पाणी घ्या, स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान बघा, पूर्ण ताकदीवर बरोबर दोन मिनिटं चालवा, ढवळून पुन्हा बघा. वाढलेल्या अंशांना ३५ ने गुणा. २८ चं ४६ झालं तर १८ गुणिले ३५, म्हणजे ६३० वॅट. भांडंही थोडी उष्णता खातं, म्हणून ७०० च्या यंत्राला ६३० चिंतेचं नाही. ४५० आलं तर आहे. तापाचं थर्मामीटर यासाठी वापरू नका, त्याचा आकडा ४२-४३ च्या पुढे जात नाही.

थर्मामीटर नसेल तर कपभर, म्हणजे २०० मिली, माठातलं पाणी ठेवा, आत लाकडी आइसक्रीमची काडी टाका. ७०० वॅटला ते साधारण पावणेदोन ते सव्वादोन मिनिटांत उकळतं. तीन मिनिटांनीही उकळलं नाही तर ताकद घटली आहे. काडी विसरू नका. गुळगुळीत कपात पाणी न उकळता उकळबिंदूच्या वर तापतं आणि हलवताक्षणी अंगावर उसळतं.

विजेचा दाब

पाण्याची हीच परीक्षा सकाळी अकराला आणि संध्याकाळी आठला करून बघा. दोन्हींत मोठा फरक पडला तर यंत्र ठीक आहे, वीज कमी पडते आहे. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या यंत्रात दाब थोडा घटला तरी मॅग्नेट्रॉनची ताकद त्याहून जास्त घटते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीतले सगळे कुलर आणि पाण्याच्या मोटारी एकदम चालू असतात, तेव्हा २३० ऐवजी १९०-१९५ व्होल्ट मिळू शकतात.

आकडा बघायला सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. शेजारच्या सॉकेटमध्ये लावून आधी मायक्रोवेव्ह बंद असताना आणि मग चालू असताना वाचा. बंद असतानाच १९५ असेल तर प्रश्न डीपीपासूनचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपासूनचा) आहे, वायरमनला सांगा. बंद असताना २२५ आणि चालू करताच १९५ वर आला तर घरातली वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड ढिला आहे. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण ढिला जोड तापतो. प्लग हाताला गरम लागला, जळका वास आला किंवा सॉकेट पिवळं पडलेलं दिसलं तर वापर तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मायक्रोवेव्हला स्वतंत्र १६ अँपियरचा पॉवर सॉकेट आणि अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्ड नको. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर त्याला पुरत नाही, किमान २ केव्हीएचा लागतो. दिवे-पंख्यांच्या इन्व्हर्टरवर तर चालवूच नका.

झळांच्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. यंत्र भिंतीला चिकटून किंवा कपाटात कोंबलेलं असेल तर तापून मधेच बंद पडतं. ती आतली संरक्षक व्यवस्था असते. मागे दहा, वर वीस-तीस सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, अर्धा तास गार होऊ द्या. जागा देऊनही पुन्हा पुन्हा बंद पडलं तर आतला पंखा गेला असू शकतो.

आतला मायका

आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा करडा-तपकिरी तुकडा असतो. तो पॅकिंगचा नाही, काढून टाकू नका. लहरी जिथून आत येतात ते तोंड तो झाकतो. उतू गेलेल्या केकची साखर आणि तेल त्यावर बसून जळतं, मग ठिणग्या उडतात आणि ताकदही घटते. प्लग काढून ओल्या फडक्याने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. काळा पडून भोक पडलं असेल तर त्याच मापाचा नवा मायका बसवेपर्यंत यंत्र चालवू नका. घरच्या माणसाने करायची दुरुस्ती इथे संपते.

इथे हात आवरा

बाहेरचं पत्र्याचं कव्हर उघडू नका. आतल्या ट्रान्सफॉर्मरचा दाब दोन हजार व्होल्टच्या आसपास असतो, आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. त्याचा धक्का जीव घेतो. टीव्ही-पंखा दुरुस्त करणाऱ्या हुशार हातांनासुद्धा हे लागू आहे.

पुढचं काहीही दिसलं तर प्लग काढा आणि मायक्रोवेव्हचं काम करणाऱ्या तंत्रज्ञालाच बोलवा: सगळं चालू पण पाणी अजिबात तापत नाही, गरम न होता जोरात घरघर येते, मायका स्वच्छ असूनही ठिणग्या उडतात, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, दार सैल आहे, बिजागरी वाकली आहे, काचेमागची जाळी फाटली आहे किंवा दार उघडल्यावरही यंत्र चालू राहतं. दाराच्या बाबतीत 'थोडंसंच आहे' म्हणून चालवत राहू नका, लहरी आत अडवून ठेवणारी गोष्ट ते दारच आहे. बटणं आपोआप दाबली जात असतील तर पॅनेलमध्ये झुरळं किंवा पाल शिरलेली असण्याची शक्यता असते. आत फवारा मारू नका, तेही त्यालाच काढू द्या.

बोलावताना मॉडेल नंबर, पाण्याच्या परीक्षेचा आकडा आणि दोन्ही वेळचं व्होल्टेज सांगा. त्याची अर्धी फेरी वाचते आणि नको तो भाग बदलला जात नाही. बिल शोधून ठेवा. बऱ्याच कंपन्या मॅग्नेट्रॉनची वॉरंटी यंत्रापेक्षा जास्त वर्षांची देतात. वॉरंटी संपलेली असेल आणि मॅग्नेट्रॉन गेला असेल तर भाग उघडण्याआधी खर्च विचारा, जुन्या छोट्या यंत्राला तो परवडेलच असं नाही.

यंत्र दुरुस्तीला गेलं असताना हेच मिश्रण तेलाचा हात लावलेल्या स्टीलच्या वाटीत निम्मं भरा, आणि इडलीपात्रात आधी पाणी उकळवून मगच आत ठेवा. वर झाकणी द्या, म्हणजे वाफेचं पाणी त्यात टपकणार नाही. मध्यम आचेवर पंधरा मिनिटांनी काडी घालून बघा.